धरणमाथ्यावरचे पाणी : जॉन्सटाउन, ३१ मे १८८९

दहा वर्षे आधी

साउथ फोर्कचे धरण फुटले ते एका शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमारास. पण त्या दुपारचा घटनाक्रम खरोखर समजून घ्यायचा तर १८७९ पासून सुरुवात करावी लागते. धरणाच्या माथ्यावर पाणी चढले की पुढे काय होणार, हे त्या क्षणी ठरत नाही. ते आधीच ठरलेले असते.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लिटल कोनमॉ नदीच्या एका फाट्यावर हे मातीचे धरण होते. उंची सुमारे २२ मीटर, लांबी २८४ मीटर. राज्य सरकारने ते आपल्या जलवाहतुकीच्या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले. काम १८३८ मध्ये सुरू झाले आणि १८५३ मध्ये संपले. तोवर रेल्वे आली होती आणि कालव्याची गरजच सरली होती. धरण विकले गेले. १८६२ मध्ये ते मधोमध, विमोचकाच्या (तळातून पाणी सोडण्याच्या वाटेच्या) वर फुटलेही; तळ्यात पाणी कमी होते म्हणून खालच्या गावांचे फारसे बिघडले नाही. मधल्या एका मालकाने तळाशी असलेले पाच ओतीव लोखंडी नळ काढून भंगारात विकले. तळे हवे तेव्हा खाली उतरवण्याचा एकमेव मार्ग त्या नळांबरोबर गेला.

१८७९ मध्ये बेंजामिन रफ नावाच्या गृहस्थाने हे पडीक धरण विकत घेतले आणि ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ उभा केला. सभासद पिट्सबर्गचे उद्योगपती : अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन. उन्हाळ्यात येऊन राहायला बंगले, होड्या, मासेमारी. भगदाड बुजवले ते माती, दगड, झाडाच्या फांद्या, गवत आणि शेणखत टाकून. नळ परत बसवले नाहीत. माथ्यावरून बग्ग्या सुखाने जाव्यात म्हणून माथा खरवडून खाली आणला आणि रुंद केला. तळ्यात मुद्दाम सोडलेले महागडे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावरच्या पुलाच्या खांबांमध्ये लोखंडी जाळ्या बसवल्या. जुने भगदाड जिथे बुजवले होते, त्या मधल्या भागात भराव दबून माथा किंचित खचला होता. म्हणजे धरण सर्वांत कमकुवत जिथे, तिथेच सर्वांत बुटके.

हे सगळे कुणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. धरणाखाली साडेबावीस किलोमीटरवर जॉन्सटाउन हे पोलादाचे शहर होते. ते आणि खोऱ्यातल्या वस्त्या मिळून तीस हजारांच्या आसपास माणसे. तिथल्या केंब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपल्या कंपनीचे जॉन फुल्टन यांना पाहणीला पाठवले. पाणी सोडायला नळ नाही आणि भरावातून मोठी गळती आहे, हे दोन्ही दोष फुल्टन यांनी लेखी दिले. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायची तयारीही दाखवली. रफ यांनी उलट कळवले की तुमच्या माणसांना आमच्या धरणापासून काही धोका नाही. पुढे १८८५ मध्ये मॉरेल वारले, १८८७ मध्ये रफ वारले. धरण तसेच राहिले.

३० मे, संध्याकाळ

युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. जॉन्सटाउनमध्ये मिरवणूक झाली, लोक थडग्यांवर फुले वाहून घरी परतले. दोन दिवसांपूर्वी नेब्रास्का आणि कॅन्ससवर तयार झालेले वादळ आता डोंगरांवर येऊन अडले होते. रात्री पाऊस सुरू झाला आणि चोवीस तासांत काही ठिकाणी दीडशे, काही ठिकाणी अडीचशे मिलिमीटर पडला. आंबोली-महाबळेश्वरच्या माणसाला हा आकडा दचकवणार नाही. पण ज्या सांडव्याला एवढ्या पाण्याची सवय नाही आणि ज्याच्या तोंडावर जाळ्या आहेत, त्याच्यासाठी तो फार मोठा होता.

३१ मे, सकाळी ६

क्लबचे अध्यक्ष एलायस उंगर धरणालगतच्या आपल्या घरात जागे झाले. बाहेर पाहिले तर तळे रात्रीत खूप चढले होते. क्लबचा तरुण इंजिनिअर जॉन पार्क होडी घेऊन तळ्याच्या वरच्या टोकाला गेला. मिळणारे ओढे काठ सोडून रानातून धावत होते. येणारे पाणी सांडव्यातून जाणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त होते, आणि हा फरक तासातासाने तळ्यात साठत होता.

सकाळी ९ ते ११

या दोन तासांत उंगर यांनी जे केले ते बारकाईने पाहिले पाहिजे. आजही कुठल्याही मातीच्या धरणावर, ऐन पुरात, माणसे नेमके हेच करतात.

क्लबवर गटाराच्या कामासाठी आणलेले इटालियन मजूर होते. त्यांना धरणावर बोलावले. एका टोळीने पश्चिम टोकाला, जिथे भराव डोंगराला टेकतो, दुसरा सांडवा खणायला घेतला. टोक निवडले ते बरोबर. मूळ जमिनीतून पाणी गेले तर भराव वाचतो. पण थोड्याच खाली कठीण खडक लागला आणि कुदळी उसळू लागल्या. चर गुडघाभरही खोल झाला नाही.

दुसऱ्या टोळीने माथ्यावर नांगर चालवून मातीचा वरंबा घालायला सुरुवात केली. पावसात भिजलेली, न दाबलेली माती. ती लाट थोपवते, पूर थोपवत नाही. आणि एकदा तिच्यावरून पाणी गेले की पहिली तीच जाते.

तिसरा प्रश्न जाळ्यांचा. फांद्या, पालापाचोळा, ओंडके येऊन त्या तुंबल्या होत्या. त्या उपटून टाका, असे जमलेल्यांपैकी काहींनी म्हटले. मासे जातील म्हणून उंगर आधी तयार झाले नाहीत. तयार झाले तेव्हा कचऱ्याच्या दाबाने जाळ्या अशा बसल्या होत्या की निघेनात. त्या दिवशी हाताशी असलेला सर्वांत सोपा, सर्वांत स्वस्त उपाय हाच होता, आणि तो काही तासांच्या उशिराने हुकला.

इकडे जॉन्सटाउनमध्ये नद्यांचेच पाणी रस्त्यावर आले होते. कारखान्यातून माणसे घरी पाठवली गेली. लोकांनी सामान वरच्या मजल्यावर नेले, गालिचे गुंडाळले, चूल वर मांडली. शहराला असे पूर ठाऊक होते.

सकाळी ११.३०

पाणी माथ्याच्या बरोबरीला आले. पार्क घोड्यावर बसून तीन किलोमीटरवरच्या साउथ फोर्क गावाकडे सुटला. तिथून तारेने खाली निरोप द्यायचा होता. तारा वादळात ठिकठिकाणी तुटल्या होत्या. एका टप्प्यावर तर निरोप घेऊन माणूस रुळांवरून चालत गेला आणि पुढच्या तारघरातून तो पुन्हा तारेवर चढला.

दुपारी १२ नंतर

पार्क परत आला तेव्हा माथ्याच्या मधल्या खचलेल्या भागावरून पाण्याची चादर पलीकडे उतरत होती.

इथे जरा थांबतो, कारण मातीच्या धरणाचे मरण कसे येते हे बहुतेकांना उलटे वाटते. तळ्याचे अफाट पाणी भिंतीला ढकलते आणि भिंत कोसळते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तळ्याकडच्या उतारावर पाणी उभे असते, शांत असते. त्या बाजूला लाटांसाठी दगडी पिचिंगही असते. घात होतो मागच्या उतारावर. माथ्यावरून हातभर पाणी गेले तरी ते त्या उतारावर वेग घेत सुटते आणि पायथ्याशी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. तिथली माती आधी उचलली जाते. एखादे झुडूप, एखादा मोठा दगड, गाडीवाटेचे चाक रुतलेले चाकोरे, असे काही मध्ये आले की त्याच्या कडेने भोवरा फिरतो आणि खळगा पडतो. खळग्याची पायरी होते. पायरीवरून पाणी आता धबधब्यासारखे पडते, पायरीचा तळ पोखरते आणि वरची माती ढासळते. अशी ती पायरी एकेक हात मागे सरकत, उतार चढत, माथ्याकडे येते. तळ्याकडून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

पायरी माथ्याची सगळी रुंदी खाऊन तळ्याच्या कडेला पोहोचली की माथाच खाली बसू लागतो. मग गणित निर्दय होते. माथ्यावरून जाणाऱ्या पाण्याची खोली दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट होत नाही, पावणेतीन पटींच्याही वर जातो. जास्त प्रवाह जास्त माती नेतो, माथा आणखी खाली जातो. त्यानंतर हजार माणसे लावली तरी काही उपयोग नसतो.

म्हणून मातीच्या धरणावरून पाणी जाऊच द्यायचे नाही, हा पहिला नियम. त्यासाठी पुरेसा रुंद सांडवा, आणि त्याच्या वर सोडलेली माथ्याची मोकळी उंची. दुसरा नियम असा की गेलेच, तर सगळ्या लांबीवरून सारखे जावे. एका जागी एकवटू नये. त्यासाठी माथा सपाट हवा, खचलेल्या जागा वेळच्या वेळी भरलेल्या हव्यात. आणि तिसरा : मागच्या उतारावर असे काही हवे जे माती धरून ठेवील. दाट, सलग, नीट राखलेले गवत काही तास तग धरते. मात्र त्यात मोकळी जागा, बिळे, झाडे नकोत, कारण पाणी तिथूनच शिरते. जास्त काळ टिकायचे तर एकमेकांत गुंतवलेले काँक्रीटचे ठोकळे, खाली गाळणीचे कापड. किंवा रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या पायऱ्या, ज्या पाण्याचा जोर उतरता उतरताच मोडतात. अमेरिकेत १९८० नंतर कितीतरी जुन्या धरणांच्या पाठीवर अशा पायऱ्या चढवल्या गेल्या. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सभोवतीचे पूरबांध कात्रिना वादळात पाण्याखाली गेले, तेव्हा चांगल्या चिकणमातीचे, गवताने झाकलेले बांध बऱ्याच ठिकाणी टिकले आणि वाळू-शिंपल्यांच्या भरावाचे वाहून गेले. दोन्हींवरून गेलेले पाणी एकाच वादळाचे होते.

साउथ फोर्कच्या पाठीवर सुटे दगड होते, त्यांच्या फटींतून उगवलेली झाडेझुडपे होती, आणि मधल्या भागात दगडांखाली गवत-शेणखताचा भराव.

दुपारी १२.३० च्या सुमारास

पार्कच्या डोक्यात एक विचार आला. भराव टोकाला आपणच कापावा काय? मध्यापेक्षा टोकाला भगदाड पडले तर पाणी जरा सावकाश जाईल, एवढीच आशा होती. पण तसे केले म्हणजे धरण नक्की जाणार, आणि खालच्या खोऱ्यावर आपल्या हाताने पाणी सोडल्याचा दोष आपल्या माथी येणार. न केले तर कदाचित, फक्त कदाचित, पाऊस थांबेल. त्याने कापले नाही. विशीतल्या त्या मुलाला मी दोष देऊ शकत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांपूर्वी पाच नळांनी दिले असते, तो प्रश्न त्याच्यापुढे एका तासासाठी आला होता.

दुपारी १ ते २.३०

तारा जात राहिल्या. एकूण तीन निरोप खाली पोहोचले. जॉन्सटाउनच्या रेल्वेच्या कचेरीत ते वाचले गेले आणि तिथेच राहिले. पिट्सबर्गमध्ये रेल्वेचे अधिकारी रॉबर्ट पिटकेर्न यांनाही ते मिळाले; ते स्वतः क्लबचे सभासद होते. रूळ कुठे वाहून गेले ते पाहायला ते गाडीने निघाले.

रेल्वेच्या बाबूंवर सगळे ढकलणे मला पटत नाही. दर पावसाळी हंगामात धरण फुटल्याची आवई उठायची आणि दर वेळी धरण जागेवर असायचे. लांडगा आला रे आला, अशी गत झाली होती. बरे, निरोप फुटला असता तरी पाण्याने भरलेल्या रस्त्यांवरून हजारो माणसांना डोंगरावर नेण्याची काही व्यवस्था नव्हती. धरणाच्या खाली राहणाऱ्यांना घंटा कोणी वाजवायची, ती ऐकून कुठे जायचे, हे कोरड्या दिवसांत ठरवून ठेवलेले नसेल तर तार फक्त कागद राहते.

धरणावर तोवर मागचा उतार मधोमध पोखरला गेला होता. दगड एकेक करून सुटत होते. मजूर माथ्यावरून हटले. बघे टेकडीवर उभे राहिले. अडीचनंतर माथ्याला सुमारे तीन मीटर रुंद आणि मीटरभर खोल खाच पडली.

दुपारी ३.१०

वेळ त्या काळापासून हीच सांगितली जाते. अलीकडचे अभ्यासक ती वीसेक मिनिटे आधीची मानतात. पाहणाऱ्यांच्या सांगण्यानुसार धरण ‘फुटले’ असे वाटलेच नाही. मधला भाग जणू उचलून पुढे सरकला. दोन कोटी टन पाणी तासाभरात रिते झाले.

जॉन्सटाउनच्या तारघरात हेटी ओगल काम करत होत्या. पाणी खोलीत शिरल्याने त्यांना वरच्या मजल्यावर जावे लागले होते. तीनच्या सुमारास त्यांनी पिट्सबर्गला कळवले की हा शेवटचा निरोप. त्या आणि त्यांची मुलगी दोघीही वाचल्या नाहीत.

३.१० ते ४.०७

साउथ फोर्क गाव बरेचसे उंचावर होते. तिथे चार माणसे गेली. पुढे नदीच्या वळणावर रेल्वेचा एका कमानीचा दगडी पूल होता, २३ मीटरांच्या आसपास उंच. ओंडके आणि घरांचे अवशेष येऊन कमान बुजली, पाणी मागे तुंबले आणि काही मिनिटे तो पूलच धरण झाला. मग तो गेला आणि लोंढा नव्या उंचीवरून निघाला. मिनरल पॉइंट या तीसेक कुटुंबांच्या वस्तीत खडकाशिवाय काही उरले नाही.

ईस्ट कोनमॉच्या रेल्वे यार्डाच्या वरच्या अंगाला इंजिनचालक जॉन हेस यांना मागून आवाज ऐकू आला. शिटीची दोरी बांधून ठेवून त्यांनी इंजिन उलटे पळवले. ती शिटी ऐकून कितीतरी लोक घराबाहेर पडून टेकडीला लागले. साऱ्या खोऱ्याला मिळालेला खरा इशारा हाच. यार्डातली तीसेक इंजिने पाण्याने उचलली. वुडव्हेलमध्ये सुमारे अकराशे वस्तीतली ३१४ माणसे गेली. तिथल्या तारेच्या कारखान्याचे बॉयलर फुटले आणि काटेरी तारेची भेंडोळी लोंढ्यात मिसळली.

४.०७

जॉन्सटाउनमध्ये पाणी आले ते पाण्यासारखे दिसलेच नाही. दहा-बारा मीटर उंचीचा, घरे, झाडे, डबे, जनावरे, तार यांचा काळा ढिगारा घरघरत आला. शहराचा मध्य दहा मिनिटांत सपाट झाला. लोंढा पलीकडच्या डोंगरावर आदळून दुसऱ्या नदीच्या पात्रात उलटा चढला आणि परत फिरून पुन्हा आला. एका छपरावर तरंगणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीजवळ एक अनोळखी कामगार पोहत पोहोचला आणि काठाजवळच्या इमारतीच्या खिडकीत उभ्या माणसांकडे त्याने तिला फेकले. तिला त्यांनी झेलले.

शहराच्या खाली रेल्वेचा सात कमानींचा दगडी पूल टिकला. सगळा ढिगारा त्याला अडकला, काटेरी तारेने आवळला गेला. संध्याकाळी त्याला आग लागली. आत अडकलेल्यांपैकी सुमारे ऐंशी माणसे पाण्याच्या वर जळून मेली. पिटकेर्न यांची गाडी शहराच्या अलीकडेच थांबली होती. नदीतून वाहत जाणारी माणसे त्यांनी मोजली आणि पिट्सबर्गला पहिली बातमी त्यांनीच कळवली.

मृतांचा आकडा २,२०९. संपूर्ण नष्ट झालेली कुटुंबे ९९. ओळख न पटलेली प्रेते ७७७.

नंतर

क्लबवर दावे झाले, एकही टिकला नाही. ही देवाची करणी, असे ठरले. अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेने चौकशी केली. अहवाल १८९१ मध्ये बाहेर आला. त्यात म्हटले की क्लबने फेरफार केले नसते तरी एवढ्या पावसात धरण गेलेच असते. हे मत शंभर वर्षांहून जास्त चालले. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अभ्यासकांनी जागेची मोजणी आणि जलगणित पुन्हा केले. माथा खरवडल्यामुळे सांडव्यातून सुखरूप जाऊ शकणारे पाणी सुमारे निम्म्यावर आले होते, आणि पश्चिम टोकाला मूळ धरणाला असलेला दुसरा, आपत्कालीन सांडवाही त्यामुळेच निकामी झाला होता. म्हणजे इटालियन मजूर त्या सकाळी कुदळीने जे खणत होते, ते त्या धरणाला बांधतानाच दिलेले होते. मूळ उंचीचे धरण तो पूर झेलू शकले असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आपल्याकडे पानशेत १२ जुलै १९६१ रोजी गेले ते विमोचकाचे अपुरे काम, तिथे खचलेला भराव आणि मग त्या खचलेल्या माथ्यावरून गेलेले पाणी या क्रमाने; जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मोरबीच्या वर मच्छू-२ धरणाचा दगडी सांडवा टिकला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वरून गेलेल्या पाण्याने वाहून गेले. देशातली सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतली बहुसंख्य मातीची. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी त्याने सक्तीची केली. पण तो दहा मीटरांहून कमी उंचीच्या बंधाऱ्यांना लागू नाही. गावोगावचे बहुतेक पाझर तलाव आणि गावतळी या वगळलेल्यांतच येतात. त्यांतल्या कितीतरींच्या पाठीवर बाभळी आणि घाणेरी माजली आहे, माथ्यावरून ट्रॅक्टर जाऊन चाकोरे पडले आहेत, सांडव्याच्या तोंडात गाळ आणि झुडपे आहेत. बाभूळ लहान असतानाच उपटणे, चाकोरे मुरूम टाकून दाबणे, सांडवा मोकळा करणे, हे सगळे मे महिन्यात ग्रामपंचायतीला चार दिवसांत करता येते.